शिळं वजन, नवी गाडी

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. चिपळूणजवळ आमचा वजनकाटा आहे. चिरे, खडी, वाळूच्या गाड्या येतात. पावत्या काढणारा प्रोग्रॅम डॉसमधला आहे. लिहून देणारे गृहस्थ धंद्यातून निवृत्त झाले आणि सोर्स कोणाकडेच नाही. जुना पीसी २२ जुलै २०२१ च्या पुरात गेला, पण भाच्याने त्याआधीच हार्ड डिस्कची इमेज काढून ठेवली होती. ती आता लिनक्सवर क्यूएमू या एम्युलेटरमध्ये, म्हणजे पीसीची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालते. केबिनमधला इंडिकेटर (वजनाचा आकडा दाखवणारं यंत्र) सिरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टरला जोडला आहे आणि क्यूएमू टीसीपीने, म्हणजे नेटवर्कवरच्या जोडणीने, त्या कन्व्हर्टरला जाऊन मिळतो. इंडिकेटर सेकंदाला दहा वेळा, दर वेळी दहा बाइट, वजन पाठवत राहतो.

त्रास दोन आहेत. लाईट जाऊन आली की स्क्रीनवरचं वजन गोठतं. ऑफिसचा पीसी यूपीएसवर आहे, केबिन नाही. क्यूएमू बंद करून पुन्हा चालू केला तरच सुटका. दुसरा त्रास जास्त वाईट. जेवणाच्या सुट्टीत प्रोग्रॅम मेन्यूवर उभा असतो. परत येऊन पहिली गाडी घेतली की आकडा थोडा वेळ उगाच वरखाली पळतो आणि मग ताळ्यावर येतो. मुलाने घाईत पावती काढली, तर रिकाम्या डंपरचं टेअर म्हणून आधीच्या भरलेल्या गाडीचं वजन छापलं गेलं. इंडिकेटरवर आकडा बरोबर होता. एम्युलेटर वजन लक्षात ठेवतो का?

उत्तर : हो, ठेवतो, आणि दुखणं तेच आहे. दुसरा त्रास आधी घेते. पहिल्यात नुसता खोळंबा होतो, दुसऱ्यात पैसे जातात आणि वर डंपरवाल्याशी भांडण.

खऱ्या सिरियल पोर्टाला स्मरणशक्ती जवळजवळ नसते. सिरियल पोर्ट चालवणाऱ्या १६५५० जातीच्या चिपमध्ये आलेली अक्षरं ठेवायला १६ बाइटांची रांग असते. त्याआधीच्या ८२५० मध्ये एकच बाइट मावायचा. ९६०० बॉडला पुढचा-मागचा बिट धरून एका बाइटमागे १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० बाइट. या वेगाने अक्षरं सलग आली तर १६ ची रांग १७ मिलिसेकंदांत भरते. प्रोग्रॅमने वाचलं नाही तर पुढचं वाया जातं. चिप ओव्हररनचा, म्हणजे ‘रांग भरून अक्षर गळलं’ असं सांगणारा, बिट वर करते आणि विसरून जाते. तुमचा प्रोग्रॅम, लक्षणांवरून मी धरते की, वजनाच्या स्क्रीनवर असतानाच पोर्ट वाचतो. जुन्या पीसीवर त्याला हे चालून गेलं, कारण जेवून परत आल्यावर चिपमध्ये फार तर दीड फ्रेम (एका वेळी आलेलं दहा बाइटांचं वजन म्हणजे एक फ्रेम) जुनी असायची, तिच्यामागून लगेच ताजं वजन यायचं.

क्यूएमूतलं नकली १६५५० वेगळं वागतं. रांगेत जागा असेल तेवढेच बाइट ते मागच्या सॉकेटकडून (प्रोग्रॅमच्या हातातलं जोडणीचं टोक) मागून घेतं, जागा नसेल तर सॉकेट वाचतच नाही. अक्षर गळू नये म्हणून केलेली ही सोय लॉगिनच्या कन्सोलसाठी फार चांगली. पण न वाचलेलं वजन मग लिनक्सच्या टीसीपी बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, जमत जातं. ६४ किलोबाइट साठा धरला तर तुमच्या सेकंदाला १०० बाइटांच्या हिशेबाने ती जवळजवळ ११ मिनिटं होतात. तो भरला की टीसीपी कन्व्हर्टरला थांब म्हणतो, कन्व्हर्टरचा स्वतःचा बफर भरतो आणि त्यापुढचं तो टाकून देतो. म्हणजे अडकून राहतं ते सुट्टीच्या सुरुवातीचं, काट्यावर शेवटची भरलेली गाडी उभी होती तेव्हाचं वजन. तुम्हाला पळताना दिसतो तो आकडा म्हणजे ही जुनी अकरा मिनिटं भराभर वाचली जाताहेत. त्या प्रोग्रॅमने वजनाआधी पोर्ट चार वेळा रिकामं करून घेतलं तरी उपयोग नाही, १६ बाइट काढले की मागून तितकेच शिळे पुढे सरकतात.

मिरकरवाड्याच्या जेटीवर कालची सुरमई ताजी म्हणून कोणी पुढे केली तर गिऱ्हाईक कल्ले उघडून बघतं. वजनाच्या फ्रेमला कल्ले नसतात. तिच्यात वेळ लिहिलेली नसते, गाडीचा नंबर नसतो, नुसता आकडा असतो. त्यामुळे शिळी फ्रेम ओळखायची तर ती डॉसपर्यंत जाण्याआधीच ओळखली पाहिजे.

भाच्याला एक लहानसा मधला प्रोग्रॅम लिहायला सांगा, पायथनमध्ये शंभराच्या आत ओळी होतील. एका बाजूने तो कन्व्हर्टरला टीसीपीने जोडेल आणि येईल ते सतत वाचत राहील, डॉस वाचो न वाचो. हातात फक्त शेवटची पूर्ण फ्रेम ठेवेल, आधीची फेकून देईल. दुसऱ्या बाजूने क्यूएमू त्याला युनिक्स सॉकेटने, म्हणजे एकाच मशीनवरच्या दोन प्रोग्रॅममधल्या जोडणीने, जोडेल. आता मुद्द्याची गोष्ट : पुढची फ्रेम लिहिण्याआधी त्याने लिनक्सला विचारायचं की आधीची समोरच्याने उचलली का. युनिक्स सॉकेटवर न उचललेल्या मालाचा अंदाज एका आयओसीटीएल कॉलने मिळतो. शून्य आलं तरच नवी फ्रेम पाठवायची. टीसीपीवर हीच युक्ती चालणार नाही. तिथे मिळणारा आकडा पलीकडच्या कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) पोचपावतीचा असतो, पलीकडच्या प्रोग्रॅमने वाचल्याचा नव्हे. एवढं केलं की वाटेत जास्तीत जास्त एखाद-दुसरी फ्रेम जुनी राहते, आणि तितकी तर खऱ्या पोर्टातही राहायची.

इंडिकेटरला ‘मागितल्यावरच वजन दे’ अशी सोय असते आणि प्रोग्रॅमला मागता येत असतं, तर यातलं काहीच लागलं नसतं. तुमचा प्रोग्रॅम मागत नाही, नुसता ऐकतो. पहिल्या त्रासाचं मूळही तिथेच आहे.

टीसीपीची जोडणी म्हणजे दोन टोकांनी मनात धरलेली समजूत. केबिनची लाईट गेली तेव्हा कन्व्हर्टरने निरोप घेतला नाही, तो एकदम मेला. लाईट आल्यावर तो कोऱ्या मनाने उठला. त्याला जुनी जोडणी आठवत नाही आणि क्यूएमूला ती तुटल्याचं कळलेलं नाही. क्यूएमूने एक बाइट जरी पाठवला असता तरी कन्व्हर्टरने ‘कोण तुम्ही?’ म्हणून रीसेट धाडला असता आणि प्रश्न मिटला असता. पण पाठवायला डॉसकडे काहीच नाही. नुसतं ऐकणाऱ्याला पलीकडची शांतता आणि पलीकडचा मृत्यू यांतला फरक टीसीपी आपणहून सांगत नाही. कीप-अलाइव्ह नावाची सोय आहे, पण ती चालू करावी लागते आणि लिनक्समध्ये तिचा पहिला ठोका मुळात ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी पडतो. तोवर तुमच्या दारात महामार्गापर्यंत गाड्या लागतील.

क्यूएमूत ‘रिकनेक्ट’ हा पर्याय आहे. आपण गिऱ्हाईक म्हणून जोडत असू आणि जोडणी तुटली, तर दर अमुक सेकंदांनी तो पुन्हा प्रयत्न करतो. भाच्याने तो लावला असेलच, आणि तरी चालत नाही म्हणून वैतागला असेल. तुटलंय हेच कळलं नाही तर पुन्हा जोडणार कसं? तुमच्या बाबतीत मात्र कळण्याचा सोपा मार्ग आहे. इंडिकेटर सेकंदाला दहा वेळा बोलतो. तो तीन सेकंद गप्प असेल तर तिथे कोणी नाही. मधल्या प्रोग्रॅमने मग दोन्ही बाजू बंद करायच्या आणि दर दोन सेकंदांनी कन्व्हर्टर उठलाय का ते पाहायचं. तो प्रोग्रॅम तयार होईपर्यंत सोकॅट हे दोन जोडण्या एकमेकींना जोडणारं तयार साधन वापरा. त्याला ‘मोठा टी’ हा पर्याय देऊन तीन सेकंदांची मर्यादा घातली की हालचाल थांबल्यावर तो आपणहून बाजूला होतो, क्यूएमूला जोडणी तुटल्याचं दिसतं आणि रिकनेक्टचं काम सुरू होतं. गोठणं सुटेल. शिळं वजन सोकॅटने सुटणार नाही.

जोडणी नसताना डॉसला काय दिसतं हेही सांगते, कारण ‘निदान एरर तरी यायला हवा’ असं तुमच्या मनात आलं असेल. पोर्टावर डीसीडी, डीएसआर, सीटीएस अशा खुणेच्या तारा असतात. क्यूएमूत सॉकेटवरच्या १६५५० साठी त्या तिन्ही चालू दाखवल्या जातात, सॉकेट जिवंत असो वा मेलेलं. डॉसच्या दृष्टीने केबल शाबूत, इंडिकेटर चालू, फक्त कोणी बोलत नाही. मला हे आवडत नाही. पण एम्युलेटर लिहिणाऱ्यांना सरसकट दोषही देता येत नाही. काट्याच्या कितीतरी केबल तीन तारांच्या असतात : जाणारी, येणारी आणि ग्राउंड. खुणेच्या तारा कनेक्टरच्या टोपणातच एकमेकींना डाखलेल्या. त्या केबलवर इंडिकेटर बंद केला तरी खऱ्या पीसीलाही सगळं आलबेलच दिसायचं. म्हणून बेसिकमध्ये लिहिणारे लोक पोर्ट उघडतानाच डीएसआर-सीटीएसची तपासणी शून्यावर ठेवायचे, नाहीतर ‘डिव्हाइस टाइमआउट’ येऊन प्रोग्रॅम थांबायचा. तुमचा प्रोग्रॅमही त्या तारांकडे बघत नसणार.

आणि हो, हे होईपर्यंत केबिनमधल्या मुलाला सांगा की पावती काढताना इंडिकेटरचा आकडा डोळ्यांनी ताडून घे. वैधमापनशास्त्रवाल्यांचा शिक्का काट्यावर असतो, आपल्या क्यूएमूवर नाही.

प्रश्न : मी रत्नागिरीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून लहानसा पीसी एम्युलेटर लिहितोय. सीपीयू बऱ्यापैकी चालतो. सिरियल पोर्ट टीसीपीवर नेलाय, पण जोडणी तुटली-जुळली की विचित्र गोष्टी होतात : कधी गेस्ट (एम्युलेटरच्या आत चालणारी सिस्टिम) अडकतो, कधी जुन्या जोडणीचा कॉलबॅक (काही घडलं की चालवायला नोंदवून ठेवलेलं फंक्शन) नव्या जोडणीलाच बंद करतो. सर म्हणतात, सॉकेट तुटलं की यूएआर्ट, म्हणजे सिरियल पोर्टची चिप, रीसेट कर. बरोबर आहे का?

उत्तर : सरांना नमस्कार सांग, पण रीसेट करू नकोस. डिव्हायझर, लाइन कंट्रोल, इंटरप्टची परवानगी ही रजिस्टरं गेस्टची आहेत. त्याने ९६०० साठी १.८४३२ मेगाहर्ट्झच्या घड्याळाला १२ ने भागायला लावलं असेल, तर बाहेर कोणाची वायर निघाली म्हणून ते बदलण्याचा तुला अधिकार नाही. उलट बाजूही तशीच : गेस्ट रीबूट झाला म्हणून बाहेरची जोडणी तोडू नकोस. टर्मिनल लावून बसलेल्या माणसाला बूटचेच संदेश बघायचे असतात.

दोन वस्तू वेगळ्या ठेव. एक, गेस्टला दिसणारं यूएआर्ट. दोन, बाहेरची वाहतूक : टीसीपी, युनिक्स सॉकेट, पीटीवाय (नकली टर्मिनल), फाइल, काहीही. क्यूएमूत याला फ्रंटएंड आणि बॅकएंड म्हणतात, आणि त्यांच्यात मोजकंच बोलणं असतं : किती घेऊ शकतोस, हे घे, जोडलं, तुटलं, ब्रेक आला. तुझ्या कोडमध्ये यूएआर्टच्या फाइलीत सॉकेटचा नंबर दिसत असेल तर आधी तो बाहेर काढ.

कॉलबॅकची गडबड सोपी आहे. प्रत्येक जोडणीला चढता क्रमांक दे. कुठलाही टायमर किंवा कॉलबॅक नोंदवताना तो क्रमांक सोबत ठेव, आणि जागा झाल्यावर चालू क्रमांकाशी जुळला नाही तर गुपचूप परत जा. अवस्था नावानिशी लिही : बंद, ऐकतोय, जोडतोय, जोडलेलं. ‘सॉकेट उणे एक आहे का’ असं विचारून अवस्था ओळखायची सवय मोड. जोडतोय ही अवस्था लोक विसरतात, आणि तुझा गेस्ट अडकतो तो बहुधा तिथेच. कनेक्ट किंवा नावाचा पत्ता शोधणं तू सीपीयूच्याच धाग्यात (थ्रेडमध्ये) करत असशील. पलीकडचं मशीन बंद असेल तर ते कित्येक सेकंद लटकतं आणि तेवढा वेळ गेस्टचं घड्याळही थांबतं.

आता लिहिण्याची बाजू. कोणी जोडलेलं नसताना गेस्टने अक्षर पाठवलं तर? घे आणि टाकून दे, पण बॉडच्या वेळेनंतर ‘पाठवायला मोकळा’ हा बिट वर कर. तो खाली धरून ठेवलास तर कर्नल बूट होताना त्या बिटाची वाट बघत बसतो आणि मशीन कोणी टर्मिनल लावेपर्यंत कुंथत राहतं. खरा पोर्ट रिकाम्या कनेक्टरवरही बिट पाठवतच असतो. ती अक्षरं वाया जाऊ नयेत असं वाटत असेल तर लॉग फाइल दे. आठवण ठेवायची योग्य जागा ती.

वाचण्याच्या बाजूला तुटल्याबरोबर तुझा स्वतःचा बफर रिकामा कर, अर्धी आलेली फ्रेम नव्या जोडणीच्या पहिल्या बाइटाला चिकटू देऊ नकोस. आणि वरचं काट्याचं उत्तर वाच. गेस्ट वाचत नसताना सॉकेट वाचणं थांबवायचं की खऱ्या चिपसारखं ओव्हररन होऊ द्यायचं, हा पर्याय वापरणाऱ्याला दे. फाइल पाठवणाऱ्याला पहिलं हवं असतं, काटेवाल्याला दुसरं. माझ्या मते मोजमापाच्या उपकरणांसाठी ओव्हररनच प्रामाणिक. तसंच जोडणी तुटल्यावर डीसीडी-डीएसआर खाली आणण्याचाही पर्याय ठेव, पण मुळात बंद ठेव. नाहीतर तीन तारांच्या भरवशावर लिहिलेले जुने प्रोग्रॅम तुझ्या एम्युलेटरवर उघडणारच नाहीत, आणि लोक एम्युलेटर घेतात ते जुने प्रोग्रॅम चालवायलाच.

१६५५० लिहून झालं की व्हर्टिओ-सिरियल, म्हणजे खास एम्युलेटरसाठीच आखलेला सिरियल पोर्ट, वाच. तिथे जुन्या चिपचं सोंग नाही, त्यामुळे जोडणी हा डिझाइनचाच भाग आहे. होस्टने (एम्युलेटर चालवणाऱ्या बाहेरच्या बाजूने) पोर्ट उघडला किंवा बंद केला की गेस्टला कंट्रोल संदेश जातो. लिनक्स गेस्टमध्ये होस्ट नसताना वाचायला गेलं तर फाइल संपल्यासारखं शून्य मिळतं, पोल केलं तर हँगअप दिसतो, लिहायला गेलं तर थांबावं लागतं. सत्य सांगायला स्वतंत्र तार ठेवली की किती प्रश्न उद्भवतच नाहीत ते तुला दिसेल. स्नॅपशॉट करणार असशील तर सॉकेट त्यात साठवता येत नाही हे ध्यानात ठेव. परत उठल्यावर जोडणी नवीन समज आणि गेस्टला तसं कळव.

प्रश्न : मालवणहून लिहितोय. होमस्टेच्या बुकिंगचं लिनक्स मशीन क्यूएमूत आहे, त्याचा सिरियल कन्सोल टेलनेटने बघतो. मी जोडलेला असताना मित्र त्याच्या घरून जोडतो, त्याला ‘कनेक्टेड’ दिसतं पण एक अक्षर उमटत नाही. आणि लाईट आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हायला लावलंय, ते सुरूच होत नाही. मी टेलनेट केलं की लगेच होतं.

उत्तर : दुसऱ्याचं आधी. क्यूएमू सॉकेटवर सर्व्हर म्हणून बसला की मुळात पहिल्या गिऱ्हाइकाची वाट बघतो, तोवर मशीन चालूच करत नाही. पहिल्या अक्षरापासून बूट बघायचं असेल तर ते सोयीचं असतं, तुमच्यासारख्याला नाही. ‘वेट’ बंद करा.

मित्राचं असं की हा सर्व्हर एका वेळी एकालाच घेतो. तुम्ही आत असताना क्यूएमू दाराकडे बघतच नाही, पण टीसीपीचं हस्तांदोलन कर्नल परस्पर उरकून टाकतो. म्हणून ‘कनेक्टेड’ दिसतं. तुम्ही बाहेर पडलात की त्याच्या स्क्रीनवर जीव येईल. दोघांना बघायचं असेल तर क्यूएमूच्या लॉग फाइलीला त्याने टेल लावावं. आणि मित्र घरून थेट जोडू शकतो याचा अर्थ तुमचा कन्सोल पासवर्डाशिवाय बाहेर उघडा आहे. आज संध्याकाळीच तो १२७.०.०.१ वर बांधा आणि एसएसएचमधून या.

प्रश्न : (दापोली) डॉसबॉक्स या डॉसच्या एम्युलेटरमध्ये दोन पीसी नल-मोडेमने (दोन सिरियल पोर्ट थेट जोडणाऱ्या केबलची नक्कल) जोडून जुने खेळ खेळतो, ते छान चालतं. पण तोच पोर्ट मी पायथनमध्ये लिहिलेल्या सर्व्हरला जोडला तर मधेमधे भलतेच बाइट येतात.

उत्तर : भलते नाहीत. पलीकडेही डॉसबॉक्सच आहे असं धरून तो त्याच प्रवाहातून आरटीएस आणि डीटीआर या खुणेच्या तारांची स्थितीही पाठवतो, म्हणजे दोन्ही खेळांना खऱ्या केबलसारख्या तारा दिसतात. पलीकडे दुसरं काही असेल तर ‘ट्रान्स्परंट’ एक करा, मग फक्त डेटा जाईल. डॉसमधला प्रोग्रॅम तयार होईपर्यंत जोडणीच नको असेल तर ‘यूज-डीटीआर’ एक करा. त्याने डीटीआर वर केल्यावरच जोडणी होते, आणि ट्रान्स्परंट आपोआप लागू होतं.